बिनवासाचं पाणी

परभणीच्या बसस्टँडसमोरच्या हॉटेलात तुम्हाला कधीतरी एक उंच, हडकुळा माणूस भेटेल. चहा सांगायच्या आधी तो पाण्याचा ग्लास पुढं ओढतो. शर्टाच्या खिशातून बोटाएवढी काचेची नळी काढतो, तिच्यात पाणी ओततो, एका लहान बाटलीतले चार थेंब टाकतो आणि नळी हलवून उजेडाकडं धरतो. मग शेजारच्या अनोळखी माणसाला विचारतो, "बगा बरं, पिवळं हाय का?"

शेजारचा बिचारा आधी दचकतो, मग हो म्हणतो. तेवढ्यानं भागत नाही. हा उठून दुसऱ्या टेबलाशी जातो, तिथंही विचारतो. तीन माणसं हो म्हणाली की मग पाणी पितो, तेही घोटभर. हॉटेलवाला मागं एकदा माझ्यावरच उखडला. "साहेब, तुमच्या त्या माणसाला आवरा. गिऱ्हाइकाला वाटायलंय मी नालीचं पाणी पाजायलोय."

त्याला माझा माणूस म्हणाला ते बरोबरच आहे. त्याचं नाव नागनाथ. दुधनेच्या काठच्या एका गावात तो ग्रामपंचायतीचा शिपाई आहे, आणि गावाचं पाणी शुद्ध करायचं कामही त्याच्याकडंच, म्हणजे सरकारी भाषेत जलसुरक्षक. गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगायची लाज वाटते, आणि ती लाज गावाची नाही, माझी आहे.

मी पंडित, आरोग्य सहायक. खेड्यापाड्यात लोक मला डॉक्टर म्हणतात आणि मी ते खोडत नाही. माझ्या वाट्याला बावीस गावांचं पाणी. गावोगाव फिरायचं, विहिरी बघायच्या, नळीत थेंब टाकायचे, रजिस्टर तपासायचं, सही ठोकायची. पाण्यात ब्लीचिंग पावडरीचा पुरेसा अंश असला की त्या थेंबांनी पाणी पिवळं होतं, म्हणजे ते प्यायला चालतं. पिवळं झालं नाही तर त्यात जंतू मारणारं काही नाही. इतकं सोपं की शेंबड्या पोरालाही कळावं. नागनाथला अकरा वर्षं ते कळत होतं. आता नळी पिवळीधमक झाली तरी त्याला ती पांढरी दिसते. डोळ्यांच्या डॉक्टरकडं मीच घेऊन गेलो होतो. डोळ्यांत काही दोष नाही म्हणाले.

पूर यायच्या आधीचा नागनाथ मी तुम्हाला दाखवायला हवा होता. बावीस गावांत मी कोणाला घाबरत असेन तर ह्या शिपायाला. बाकीच्या गावांत मी जायचा दिवस कळला की पावडरीचं पोतं झटकून पुढं यायचं. ह्याच्याकडं मी न सांगता पहाटे गेलो तरी हा आडावर हजर. बादलीत पावडर कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरची निवळी आडात सोडायची, बादली दहा-बारा वेळा वर-खाली करायची, आणि मग अर्धा तास कोणाला थेंब भरू द्यायचा नाही. सरपंचाच्या बायकोनं घागर पुढं केली तरी हा हात आडवा. "वैनी, अजून बारा मिन्टं हायत." त्याच्या पोरीच्या, संघप्रियाच्या, लग्नादिवशी वऱ्हाड वेशीत आलं तेव्हा हा आडावर घड्याळ बघत उभा होता. त्याची बायको सत्यशीला आजही ते सांगते. "लेकीला हळद लावली तर हळदीचा न्हाई, पावडरीचा वास. व्याही मंडळी माज्याच तोंडाकडं बगायली."

गावाला ह्या वासाचा भारी राग. चहा नासतो, वरण शिजत नाही, केस गळतात. एका गृहस्थानं तर आपल्याला मूल होत नाही ह्याचा ठपका पावडरीवर ठेवला होता. चौकशी केली तर लग्न होऊन तीन महिने झालेले. लोक नागनाथला समोर हसायचे आणि मागं शिव्या द्यायचे. त्याला दोन्हीचं काही वाटत नसे, किंवा तसं मी समजत होतो.

तो आड गावाच्या उंच अंगाला आहे, मारुतीच्या पारामागं. भोवती शेतकऱ्यांची आणि शेळ्यामेंढ्या राखणाऱ्यांची घरं. नागनाथची बौद्ध वस्ती खालच्या अंगाला. त्याच्या आजोबांच्या काळी त्यांच्यातल्या कोणाला त्या आडाच्या पायरीवर चढायची सोय नव्हती. दुसऱ्या कोणीतरी वरून ओंजळीत पाणी सोडायचं आणि ह्यांनी ते खाली उभं राहून झेलायचं. पुढं छप्पन साल आलं, त्यांनी धम्म घेतला, पोरं शिकली. आता आडाचा सगळा कारभार त्याच घरातल्या नातवाच्या हाती. हे मी तालुक्याच्या बैठकीत छाती फुगवून सांगत असे. आता तसलं काही उरलं नाही, असं माझं ठाम मत होतं. दर आठवड्याला दोन तास गावात घालवून माणसाची असली मतं फार लवकर ठाम होतात.

त्या वर्षी पितृपक्षाच्या अखेरीस सलग चार दिवस पाऊस कोसळला. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले आणि दुधना गावात शिरली. खालची वस्ती, शाळा, नळयोजनेची विहीर सगळं पाण्याखाली. कापणीला आलेलं सोयाबीन उभ्यानं सडलं. नदीकडच्या गोठ्यात मल्हारी नावाच्या पटकेवाल्या म्हाताऱ्याच्या अठ्ठावीस शेळ्या बांधलेल्या होत्या. सोडायला सवड मिळाली नाही. पाणी उतरल्यावर त्या दाव्यालाच सापडल्या, पोटं फुगलेल्या. मल्हारी दोन दिवस त्यांच्याजवळून उठला नाही. त्याची बायको कासाबाई त्याला भाकरी तिथंच नेऊन द्यायची.

पुलाचा पलीकडचा रस्ता वाहून गेला होता. परभणीहून आलेला टँकर पलीकडच्या काठावर नुसता उभा. मदतीची मंडळीही तिथवरच आली. बाटलीबंद पाण्याचे खोके रचले, मागं बॅनर धरला, फोटो काढले आणि उजेड असेपर्यंत घरी पोचले. गाव चौदाशे वस्तीचं आणि बाटल्या तीनशे. माझं तोंड त्या दिवशी फार सुटलं होतं, पण ते राहू द्या. दुसऱ्याला नावं ठेवायचा माझा हक्क पुढच्या चार दिवसांत संपणार होता.

अशा रीतीनं सगळं गाव त्या एका आडावर आलं. आड बुडाला नव्हता, पण जमिनीतून पाझरून त्याचं पाणी गढूळ झालं होतं. मी फोनवरून नागनाथला सांगितलं, पावडर दुप्पट टाक. त्यानं टाकली. वासानं लोकांचे डोळे चुरचुरले, पण तहानेपुढं काय करतील? त्याचं स्वतःचं घर चिखलानं भरलेलं, सत्यशीला समाजमंदिरात इतर बायकांबरोबर मुक्कामाला, आणि हा पहाटेपासून आडावर. पुराच्या दिवसांत एकाही माणसाला जुलाब नाही. मला त्याचा अभिमान वाटला होता. तसं त्याला सांगितलं मात्र नाही. ते सांगायचं राहूनच गेलं.

पूर उतरला आणि दुसऱ्या दिवशी घट बसले.

आमच्याकडं घट कसे बसतात हे सांगायला नको. पत्रावळीवर काळी माती, तिच्यात धान्य पेरायचं, मधे पाण्यानं भरलेलं मातीचं मडकं, आणि नऊ दिवस रोज ताजं पाणी शिंपायचं. धान्य जितकं दाट उगवेल तितकं पुढचं वर्ष चांगलं. दसऱ्याला तेच कोंब पुरुषांच्या पटक्यात खोवायचे. एरवी हे सगळं रीत म्हणून चालतं. त्या वर्षी शेतात काही उरलेलंच नव्हतं. घरातल्या पत्रावळीभर मातीत उगवेल तेवढंच पीक, आणि बायकांचा सगळा जीव त्या घटात अडकला. त्यातून कोणीतरी म्हणालं की पावडरीच्या पाण्यानं घट जळतो.

कासाबाई आडावर आली आणि नागनाथला म्हणाली की घटापुरतं बिनवासाचं पाणी दे. पाचला पावडर टाकतोस ती सातला टाक, तेवढ्यात आम्ही घटाची तांब्या-कळशी भरून नेतो. दिवसभर मग तुझी पावडर कालव. ज्यानं सरपंचीणबाईला बारा मिनिटं थांबवलं होतं तो नागनाथ हो म्हणाला.

पहिल्या माळेला पावडर सातला पडली. दुसऱ्या माळेला सातला. तिसऱ्यालाही. आणि घटाची कळशी भरून झाल्यावर कोणतं गाव रिकामी घागर घेऊन परत जाईल? चार दिवस नाक धरून प्यायलेल्या लोकांना पहाटे गोड पाणी मिळतंय हे वाऱ्यासारखं पसरलं. पाच ते सात आडावर गर्दी. रहाट थांबेना. दिवसभर मग तिथं कोणी फिरकत नसे.

दुसऱ्या माळेला मी चिखल तुडवत गावात पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. आडाचं पाणी काढलं, थेंब टाकले, नळी पिवळीजर्द. रजिस्टर बघितलं. नागनाथचं अक्षर सुरेख, एका रेषेत. वेळ पहाटे पाच, दोन्ही दिवस. मी सही केली. आडावर माणूस नाही हे मला दिसलं होतं. नऊ वाजता, पुरानंतर, चौदाशे लोकांच्या एकमेव आडावर एकही माणूस नाही, आणि बत्तीस वर्षं नोकरी केलेल्या मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी चहा पिऊन परतलो.

तिसऱ्या माळेच्या दुपारी पहिला फोन आला. संध्याकाळपर्यंत शाळेच्या दोन खोल्या भरल्या. जुलाब, उलट्या, पायांत गोळे. सलाईन लावायला खुंट्या कमी पडल्या तेव्हा खिडकीच्या गजांना लावल्या. एकूण चौपन्न माणसं. त्रेपन्न वाचली, ती डॉक्टर-सिस्टरांनी हातपाय दाबून धरून वाचवली. मल्हारी आधीच खंगलेला, शेळ्या गेल्यापासून पोटात धड काही नव्हतं. चौथ्या माळेच्या सकाळी त्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून परभणीला न्यायला निघाले. फुटक्या रस्त्यामुळं लांबचा वळसा होता. ट्रॉलीत कासाबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. वाटेत तो पाणी पाणी करत होता म्हणे, आणि मग थांबला.

ट्रॉली गावात परत आली ती बघून मी शाळेत परतलो तर नागनाथ व्हरांड्याच्या टोकाला उभा. त्यानं मला सगळं सांगितलं. पाच नाही, सात. तीन दिवस. रजिस्टर खोटं आहे.

"अरे, पण का?" मी ओरडलोच.

"घट जळंल म्हनत व्हत्या साहेब. जळला असता तर म्हनल्या असत्या, नागनाथनं मुद्दाम जाळला, त्याला आपल्या देवाचं काय. म्हून..."

मला ते पटलं. पटण्यासारखंच होतं. मी इकडं-तिकडं बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणालो, "रजिस्टरमध्ये पाच लिहिलंय ना? मग पाचच. माझी सही आहे त्याच्यावर. आता तोंड उघडलंस तर तुझी नोकरी जाईल, माझी पेन्शन जाईल, आणि खालची वस्ती ह्या गावात राहायची आहे हे विसरू नकोस."

शेवटचं वाक्य मी त्याच्या काळजीनं बोललो असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होतो. खरं सांगायचं तर ते त्याला गप्प करायला बोललो. ते लागू पडलं. माझ्या अहवालात कारण लिहिलं गेलं, पुराचे दूषित पाणी प्यायल्याने. वरून कोणी एक शब्द विचारला नाही. कासाबाईच्या घरी सुतक, त्यामुळं तिचा घट शेजारणीनं हलवला. तो बोटभर दाट उगवला होता असं नंतर कळलं.

तेव्हापासून नागनाथ बिघडला. दाढी वाढवून भटकणाऱ्यातला नव्हे. कपडे स्वच्छ, काम चोख, नव्हे आधीपेक्षा जास्त चोख. पावडर पाचला, मग साडेपाचला नळी, सहाला नळी, सातला नळी. लोकांच्या घरात शिरून रांजणातलं पाणी तपासायचा. लग्नाच्या पंगतीत वाढपी जग घेऊन आला की हा नळी काढायचा. आणि दरवेळी तेच, पिवळं हाय का, पिवळं हाय का. गाव आधी हसलं, मग कंटाळलं. खालच्या वस्तीतली जाणती माणसं त्याला बुद्धविहारात घेऊन बसायची. तिथं तो शांत बसायचा आणि उठताना विहाराच्या माठातलं पाणी नळीत घ्यायचा.

एकदा सत्यशीलेनं मला फोन केला. "साहेब, हे आडात वाकून कुनाशी तरी बोलायलेत. माजं ऐकत न्हाईत, तुमी या."

मी पहाटे गेलो. नुकतं फटफटलं होतं. आडाच्या काठाला टेकून नागनाथ खाली बघत होता. हातातली बादली तशीच.

"काय बघतोस?"

"पान्यात दोन मुंडकी दिसत्यात साहेब. मी वाकलो की तेबी वाकतंय. पटका हाय त्याच्या डोक्याला."

मी चिडलो. मला भीती वाटली की मी चिडतो, हे माझ्या बायकोला लग्नानंतर आठ दिवसांत कळलं होतं. "काही पटकाबिटका नाही," असं म्हणत मी त्याच्या शेजारी काठावर वाकलो. खाली काळं पाणी, त्यात आभाळाचा तुकडा, आणि दोन डोकी. एक त्याचं, एक माझं. माझ्या जिवात जीव आला. "बघ. दोनच आहेत, तू आणि मी."

तो आणखी खाली वाकला. मग म्हणाला, "मला तीन दिसायलीत."

त्या दिवसापासून मी कुठल्याही विहिरीत वाकून बघत नाही. पाणी काढून द्यायला दुसऱ्याला सांगतो. कमरेचं निमित्त करतो. रात्री झोप बरी लागते, पण पहाटे पाचला जाग येते, गजर नसताना. उठून पाणी प्यावं म्हटलं तर माठाचं झाकण काढवत नाही. मला कोणी दिसत नाही, मी तसल्या गोष्टी मानत नाही. फक्त झाकण काढवत नाही.

चैत्रात सत्यशीला स्वतः परभणीला माझ्या घरी आली. एसटीनं, एकटी. ती कमी बोलणारी बाई. खुर्चीवर न टेकता म्हणाली, "ह्यांना कासामावशीला सांगू द्या. नोकरी जाईल तर जाऊ द्या. मी खुरपायला जाईन. ह्यो मानूस माज्या डोळ्यादेखत झिजायलाय, आन तुमच्या एका शब्दापाई गप हाय."

माझ्या बायकोनं आतून माझ्याकडं बघितलं. तिला मी काहीच सांगितलेलं नव्हतं. आता सांगणं भाग पडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नागनाथला घेऊन कासाबाईकडं निघालो. खरं तर त्याला धीर द्यायला नव्हे, तर तो जास्त काही बोलू नये म्हणून. माझं सगळं ठरलेलं होतं. उशीर झाला एवढंच म्हणायचं, तीन दिवसांचं म्हणायचं नाही, रजिस्टरचं तर नावही काढायचं नाही. गल्लीच्या तोंडाशी त्याचे पाय थांबले. मी त्याचा दंड धरला. दंड कोरड्या काटकीसारखा लागला.

कासाबाई अंगणात बाभळीच्या सावलीला बसून होती. सरकारी मदतीतून मिळालेल्या दोन पाटी, अजून न व्यालेल्या शेळ्या, तिच्या पायाशी पाला खात होत्या. लेक दिपाली तिला पोखर्णीला चल म्हणून कितीदा विनवून गेली होती. ही हलली नाही. आम्हाला बघून तिनं पदर सारखा केला.

"या डॉक्टर. नागनाथा, बस की. उबा का?"

तो बसला नाही. मी घसा खाकरून सुरुवात करणार तोच तो बोलला, आणि मी शिकवलेलं एक अक्षरही बोलला नाही.

"मावशी, अप्पा पुरानं गेले न्हाईत. आडाच्या पान्यानं गेले. मी तीन दिस पावडर येळेवर टाकली न्हाई. रजिस्टरात खोटं लिवलं."

मी कासाबाईच्या तोंडाकडं बघायचं टाळलं. आता ती किंचाळेल, गल्ली गोळा होईल, आणि पुढं काय होईल ह्याची चित्रं माझ्या डोळ्यांसमोर धावायला लागली. खोटं कशाला बोलू, त्या चित्रांत सगळ्यात पुढं माझी पेन्शन होती.

ती किंचाळली नाही. "मला ठावं हाय," ती म्हणाली. "सगळी दुनिया म्हनली पुरानं गेला. पूर तर चार-पाच दिस आदीच उतरला व्हता. मी काय येडी हाय व्हय? पावडर उशिरानं टाक म्हून मीच म्हनले. घटाची कळशी नेली आन पुन्ना घागर घेऊन मीच आले. त्यांना वासाचं पानी घशाखाली उतरत न्हवतं. माज्या हातानं पाजलं मी त्यांना, तांब्यानं." तिनं पाला शेळ्यांपुढं सारला. "सात म्हैने झाले. तू ह्या गल्लीतून मान खाली घालून जातूस, आन मी दाराआड बसते. मला वाटायचं, तू मलाच कोसत असशील."

नागनाथनं जोरात मान हलवली.

"एक सांग मला," कासाबाई म्हणाली. "तू तर कलेक्टरला बी न्हाई म्हनला असतास. कळशीचं कबूल झालं व्हतं. मी घागर घेऊन आले तवा तू तितंच उबा व्हतास. मला न्हाई काहून म्हनला न्हाईस? एक डाव हात आडवा केला असतास तर मी गेले असते परत. मला राग आला असता, पन गेले असते."

मला वाटलं, आता तो मला सांगितलं तेच सांगेल. घट, देव, लोक काय म्हणतील. मी मनातल्या मनात ते त्याला सुचवतही होतो.

"तुमी हात लाव म्हनलाव," नागनाथ म्हणाला.

"काय?"

"घागर भरल्यावर. तुमच्यानं उचलंना. तुमी म्हनलाव, नागनाथा, जरा हात लाव, डोक्यावर दे. मी उचलून दिली. तुमच्या डोक्यावर मीच ठिवली ती. मावशी, माजं वय एक्कावन हाय. अकरा वर्सं झाली ह्या आडावर हाय. पावडर टाकतो, रहाटाला तेल घालतो, आड उपसायचा आसंल तर आत उतरतो. पन ह्या गल्लीतल्या कुनी मला कदी भरल्या घागरीला हात लाव म्हनलं न्हवतं. दुसरं मानूस येईपातुर बाया थांबायच्या. मी बाजूला बगायचो. तुमी पयल्यांदा म्हनलाव. ठावं व्हतं मला, पान्यात पावडर न्हाई. तरी उचलली. दुसऱ्या दिशी बी वाट बगत व्हतो, तुमी येताव का म्हून."

अकरा वर्षं मी त्या आडावर जात होतो. बायका घागरीशी थांबलेल्या मी कितीतरी वेळा पाहिल्या असतील. मला वाटायचं, गप्पा मारत थांबल्यात. आणि मी बैठकीत छाती फुगवून सांगत होतो. मला तिथून निघून जावंसं वाटलं.

कासाबाईच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखादी गोष्ट समजून घ्यायची खटपट चालली असावी तसं तिचं कपाळ आक्रसलं होतं.

"तेवढ्यासाठी?" तिनं विचारलं.

नागनाथनं मान हलवली. "तेवढ्यासाठी."

ती चिडून विचारत नव्हती. तिला खरंच माहीत नव्हतं. त्या सकाळी घाईत होती, घागर जड होती, जवळ दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ती हात लाव म्हणाली होती आणि घरी पोचेपर्यंत विसरलीही होती. पन्नास वर्षं ती त्या आडावर पाणी भरत होती.

तिनं पदराचा बोळा करून तोंडात कोंबला आणि ती रडायला लागली. चौथ्या माळेला ट्रॉली गावात परत आली तेव्हा मी तिथं होतो. त्या दिवशीही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.